तेलाचा ताप आणि वाटेचा हिशेब

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे ३५ किलोमीटरांवर, कन्हान नदीच्या काठी आमचे मौदा हे गाव आहे. माझ्या बालपणी या रस्त्याने मोटारी जात, परंतु बंड्या त्याहून अधिक जात. धानाची पोती लादलेली बंडी नदीकाठी थांबली म्हणजे गाडीवान प्रथम बैलांस पाणी दाखवी आणि मग खाली वाकून चाकाच्या तुंब्यावर तळहात ठेवी. हात टेकवता आला तर तो निवांत बिडी पेटवी. हात चटकन मागे आला तर बंडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे सोडून आसेला वंगण देई. पुढे किती कोस उरले, बैल किती दमले, बरोबरचा कडबा कुठवर पुरेल, हा हिशेब तो त्या बिडीच्या अवधीत मनाशी करून टाकी.

श्रोतेहो, हा मनुष्य जे करीत असे तेच करणारी दोन यंत्रे आज बाजारात मिळतात. एक तेलाचे तापमान सांगते. दुसरे किती अंतर कापले, सरासरी वेग किती पडला, एका लिटरमागे किती किलोमीटर गाडी गेली आणि टाकीतील इंधनावर अजून किती जाईल हे सांगते. त्यास ट्रिप कॉम्प्युटर म्हणतात. नव्या मोटारींत यांपैकी पुष्कळसे कारखान्यातूनच येते. परंतु ज्या जुन्या मोटारींत ते कधीच नव्हते त्यांत ही यंत्रे मागाहून बसवण्याचा उद्योग हौशी लोकांनी आरंभिला आहे. आमच्या गावातील माझा एक जुना विद्यार्थी त्यांतलाच. त्याच्या जीपकडे मी पुढे वळणारच आहे. तत्पूर्वी या दोन मोजमापांचा पूर्ववृत्तांत थोडक्यात सांगितला पाहिजे.

वाट मोजण्याची विद्या मोटारीहून फार जुनी. रोमन स्थापत्यकार विट्रुव्हिअस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात जो ग्रंथ लिहिला त्याच्या दहाव्या भागात एका विलक्षण रथाचे वर्णन आहे. या रथाचे चाक ४०० वेळा फिरले की एक रोमन मैल पुरा होई, आणि दात्यांच्या चक्रांची योजना अशी की दर मैलास एक खडा वरच्या पेटीतून खालच्या काशाच्या भांड्यात पडावा. खडा पडल्याचा आवाज आतील माणसास ऐकू येई. मुक्कामी पोचल्यावर खडे मोजले की झालेले मैल समजत. आपल्या देशात कंपनी सरकारच्या मोजणीदारांनी एका लांब दांड्याला जोडलेले मोठे चाक पुढे ढकलीत कित्येक रस्ते मोजले. चाकाचे फेरे मोजावयाचे आणि त्यांस घेराने गुणावयाचे, हे तत्त्व तेव्हापासून आजच्या ट्रिप कॉम्प्युटरापर्यंत तसूभरही बदललेले नाही.

परंतु अंतर नेमके हवे असेल तर केवळ फेरे मोजून भागत नाही. याचा पुरावा आमच्या विदर्भातच आहे. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटास विल्यम लॅम्ब्टन याची कबर आहे. याच गृहस्थाने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, आणि हैदराबादेहून नागपूरकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटास त्याचा अंत झाला. पायारेषा मोजण्यास त्याच्याजवळ १०० फूट लांबीची पोलादी साखळी होती. उन्हाने पोलाद वाढते. लॅम्ब्टन ती साखळी लाकडी पेट्यांत सरळ ताणून ठेवी, त्या पेट्यांत उष्णतामापक ठेवी, आणि प्रत्येक वेळी मोजलेल्या लांबीबरोबर त्या क्षणाचे तापमान टिपून घेई. दहा अंश सेल्सिअस फरक पडला तर शंभर फुटांच्या पोलादात सुमारे साडेतीन मिलिमीटरांचा फरक पडतो. एका साखळीत तो नगण्य वाटेल, परंतु मैलोगणती साखळ्या टाकल्यावर तो नगण्य राहत नाही. सारांश, ज्याला वाट मोजावयाची आहे त्याला ताप मोजल्यावाचून गत्यंतर नाही, हे मोटार जन्मास येण्यापूर्वीच आपल्या मातीत एका मोजणीदाराने ओळखले होते.

मोटार आल्यावर प्रथम वेग मोजण्याची निकड भासली. १९०२ साली स्ट्रासबर्गच्या ऑटो शुल्झ याने चुंबकीय वेगमापकाचे पेटंट घेतले. चाकाच्या गतीने एक चुंबक फिरतो. त्याच्या भोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, ती चुंबकाला शिवत नाही. चुंबक फिरला की वाटीत विद्युत्‌प्रवाहाचे भोवरे उठतात, त्यांच्या ओढीने वाटी किंचित वळते, आणि केसाएवढी बारीक कमान तिला मागे खेचीत असते. या दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो आपला वेग. त्याच केबलवर दात्यांची चक्रे बसवून मैलांचे आकडे फिरवले की अंतरमापक तयार. विट्रुव्हिअसचा खडा जाऊन त्याच्या जागी आकड्याचे चक्र आले, एवढेच. जर्मनीत त्यापूर्वीच, १८९१ साली, ब्रून याने भाड्याच्या गाडीसाठी टॅक्सीमीटर केला होता. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवर बाहेरच्या बाजूस जो लोखंडी मीटर असे तो त्याच वंशातला. अंतर आणि थांबलेला वेळ या दोहोंचा मेळ घालून तो पैशांचा आकडा दाखवी. आपल्याकडील सामान्य मनुष्याने चालत्या गाडीत यंत्राला हिशेब करताना प्रथम पाहिले ते बहुधा याच मीटरात.

आता तेलाकडे वळू. या बाबतीत मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण यात माझी स्वतःची एक चूक गुंतलेली आहे.

इंजिनात तेल कशासाठी असते असे विचारले तर बहुतेक लोक म्हणतील, घर्षण कमी करण्यासाठी. ते खरे, परंतु अर्धेच खरे. क्रँक आणि त्याच्या बेअरिंगा यांच्यामध्ये तेलाचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. तो अभंग आहे तोवर धातू धातूला शिवत नाही. याशिवाय तेल इंजिनाच्या ज्या भागी पाणी पोचू शकत नाही तेथील उष्णता आपल्याबरोबर खाली चेंबरात आणून सोडते. म्हणजे ते रक्षणकर्तेही आहे आणि भारवाहीही. अडचण अशी की उष्णता वाहता वाहता ते स्वतः पातळ होत जाते. ज्यास ४० नंबरचे तेल म्हणतात ते ४० अंश सेल्सिअसला जितके दाट असते त्याच्या केवळ दहाव्या हिश्श्याइतके १०० अंशांवर उरते, आणि १३० अंशांच्या आसपास त्याचेही निम्मे. शंभर अंशांच्या मागेपुढे ते आपले काम उत्तम करते. त्याच्या फार खाली असेल तर दाट राहते आणि ज्वलनातून आलेला ओलावा त्यातून उडून जात नाही. फार वर गेले तर पापुद्रा तुटण्याची भीती, आणि तेल स्वतःच जळकट होऊ लागते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की तेल बिघडण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे.

मोठ्या यंत्रांच्या बाबतीत ही गोष्ट कोणी दृष्टिआड करीत नाही. आमच्या मौद्याच्याच औष्णिक विद्युत्‌केंद्रात मिनिटाला ३००० फेरे घेणारी टर्बाइने आहेत; अशा टर्बाइनाच्या प्रत्येक बेअरिंगचे तापमान अहोरात्र पाहिले जाते. रेल्वेतही गाडी स्थानकात उभी राहिली की तपासनीस एकेका डब्याच्या ॲक्सल-बॉक्सला उलटा हात लावीत पुढे जात, हे माझ्या वयाच्या लोकांनी पाहिले आहे. केवळ आपली घरगुती मोटार तेवढी या काळजीला मुकली.

१९८० नंतरच्या दशकातील गोष्ट. मे महिना होता. शाळेतील माझे एक सहकारी, त्यांची पत्नी, मुलगा आणि मी असे चौघे नागपूरहून तुमसरला एका लग्नास निघालो होतो. मोटार जुनी, त्यांनी पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली. मागे ट्रंका आणि आहेराची भांडी. तेल नुकतेच बदललेले होते, परंतु मिस्त्रीने कोणते ओतले हे आम्ही विचारले नव्हते. पाण्याचा काटा मध्यावर स्थिर होता. मौद्याच्या अलीकडे रस्त्याचे काम चालू असल्याने गाड्यांची रांग लागली होती. तेथे इंजिन जागच्या जागी फिरत असता तेलाचा लाल दिवा लुकलुकला. सहकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी विज्ञानाचा मास्तर. नववीच्या मुलांना तेलाचा दाटपणा शिकवणारा. त्यांनी ॲक्सिलरेटर किंचित दाबला, तसा दिवा विझला. मी म्हणालो, "मास्तर, विझला दिवा. चालू द्या."

दिवा का विझला हे मला तेव्हाच समजावयास हवे होते. तेल तापून पातळ झाले होते. मंद गतीत पंपाला दाब धरवत नव्हता. गती वाढताच पंपाने अधिक तेल ढकलले आणि दाब दिवा विझण्यापुरता वर आला. आजार तसाच होता, केवळ कण्हणे थांबले होते. भंडाऱ्याच्या अलीकडे इंजिनातून ठक्‌ ठक्‌ असा आवाज येऊ लागला, आणि तेथवर गाडी गेलीच नाही. बेअरिंगा गेल्या, क्रँकला चरे पडले. ती मोटार त्यांनी मिळेल त्या किमतीस विकली आणि नसलेल्या मोटारीचे हप्ते पुढे दोन वर्षे भरले. त्या दिव्याचा उल्लेख त्यांनी माझ्यापाशी पुन्हा कधी केला नाही. केला असता तर बरे झाले असते.

पाण्याचा काटा मध्यावर आणि तेल मात्र उकळते, हे कसे, असे कोणी विचारील. पाण्याला रेडिएटर आहे, पंखा आहे आणि त्याला एका ठरावीक उष्णतेवर धरून ठेवणारा थर्मोस्टॅट आहे. साध्या मोटारीत तेलाला यांतले काहीच नाही. वाऱ्याच्या झोताने चेंबर जितके निवेल तितकेच. भर उन्हात, भरलेल्या गाडीला, रांगेत उभे राहताना वारा कुठला? म्हणून पाण्याचा काटा गप्प राहतो आणि तेल चढत जाते. त्याहून विपरीत म्हणजे पाणी गळून गेले की पाण्याचा काटा कधीकधी उलट खाली येतो, कारण त्याची नळी कोरडी पडून हवेत उघडी राहते. अज्ञ मनुष्य तेवढ्यावर समाधान मानतो.

यंत्र करणाऱ्यांस हे कळत नव्हते असे मात्र नाही. दाब मोजण्याची वाकडी नळी फ्रान्सच्या बूर्दाँ याने १८४९ सालीच सिद्ध केली होती: आत दाब चढला की नळी सरळ होऊ पाहते आणि काटा हलतो. मोटारीची उष्णता पाहण्यासाठी अमेरिकेतील बॉइस याने १९१२ साली रेडिएटरच्या टोपणावरच बसणारा उष्णतामापक काढला. चालवणारा काचेतून पुढे पाहतापाहताच त्याचा लाल रस किती चढला ते पाही. पुढे हे काटे आत डॅशबोर्डावर आले. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप घ्या. या जीपगाड्या विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक केल्या. काचेलाही फाटा देता येईल अशी ती रांगडी गाडी. परंतु तिच्या डॅशबोर्डावर पाच काटे आहेत: वेग, इंधन, तेलाचा दाब, पाण्याचे तापमान आणि विजेचा प्रवाह. लढाईत गाडी बंद पडली तर माणूस मरतो, तेव्हा चालवणाऱ्याला सर्व काही कळले पाहिजे, असा त्यामागील विचार दिसतो.

शांततेच्या काळात मात्र उलट घडले. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने तेलाच्या आणि विजेच्या काट्यांऐवजी धोक्याचे दिवे बसवले आणि हळूहळू तीच चाल सर्वत्र पडली. काटा महाग, दिवा स्वस्त. शिवाय गिऱ्हाइकाला काटे पाहून भीती वाटते म्हणे! अमेरिकेतील जाणते मिस्त्री या दिव्याला मूर्खांचा दिवा म्हणत. मला ते नाव झोंबते, आणि का झोंबते हे श्रोत्यांनी ओळखलेच असेल. आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे फियाट ११००, आणि तीच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघर माहीत झाली. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. या गाडीत इंधनाचा काटा होता, पाण्याच्या तापमानाचाही होता; तेलासाठी दिवा. त्या काळच्या चाकोरीला धरूनच ते होते. तेलाचे तापमान दाखवणारा काटा शर्यतीच्या मोटारींखेरीज क्वचितच कोणी बसवी.

वाटेच्या हिशेबाची प्रगती त्या मानाने सरळ झाली, आणि तीही शर्यतींच्या निमित्तानेच. लांब पल्ल्याच्या रॅलीत ठरलेला सरासरी वेग राखावा लागतो. त्यासाठी स्वीडनच्या हाल्डा या टॅक्सीमीटर करणाऱ्या कारखान्याने १९५० नंतरच्या दशकात स्पीडपायलट नावाचे यंत्र काढले. त्यात घड्याळ आणि अंतरमापक दात्यांनी एकमेकांस जोडलेले असून आपण ठरल्या वेळेच्या पुढे आहोत की मागे हे काट्याने कळे. १९६८ साली लंडनहून सिडनीस निघालेली मोटारींची शर्यत मुंबईपर्यंत जमिनीवरून आली आणि तेथून गाड्या आगबोटीने ऑस्ट्रेलियास गेल्या. अशा शर्यतींतून ही यंत्रे नावारूपास आली. पुढे १९७८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने आपल्या सेव्हिल या मोटारीत मायक्रोप्रोसेसरवर चालणारा ट्रिप कॉम्प्युटर देऊ केला. बटण दाबले की सरासरी वेग, उरलेल्या इंधनाचा पल्ला, पोचण्याची वेळ हे सारे उजळ आकड्यांत दिसे. धनिकांचे खेळणे म्हणून आलेली ती वस्तू आज साध्या मोटारसायकलीतही दिसते.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या जीपकडे येतो. युद्ध संपल्यावर लष्कराच्या ज्या जीपगाड्या विक्रीस निघाल्या त्यांपैकी ही एक, त्याच्या आजोबांनी घेतलेली. गाडी नीट चालते. मूळचे पाचही काटे जागेवर आहेत, तेलाचा दाब तर डोळ्यांसमोर दिसतो. मग आणखी यंत्रे कशाला, असे मी त्यास विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, दाब पडला हे काट्यावरून समजते, पण तो कायच्याने पडला, हे कोण सांगते जी? तेल तापलं, की पंप झिजला, की तेलच कमी झालं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दाब आणि ताप एकत्र पाहिले तरच कारण उमगते; वैद्य नाडी पाहतो आणि कपाळालाही हात लावतो, तसेच हे.

बसवण्याचे काम पुस्तकात वाचून वाटते तितके सुकर नव्हे. पहिली अडचण विजेची. मूळ जीपची बॅटरी ६ व्होल्टांची. आजची बहुतेक यंत्रे १२ व्होल्ट मागतात. त्याने मूळ रचना न मोडता व्होल्ट वाढवणारी एक छोटी डबी मध्ये घातली. दुसरी अडचण सेन्सर कोठे बसवावा ही. अलीकडील इंजिनांत तेलाची गाळणी थेट इंजिनावर फिरवून बसवलेली असते, तेव्हा दोहोंच्या मध्ये एक चकती घालून तीत सेन्सर ठेवता येतो. या जीपची गाळणी निराळी, नळ्यांनी जोडलेली. म्हणून त्याने चेंबर-नट काढून त्या जागी तसाच दुसरा नट बसवला, ज्याच्या पोटात तापाबरोबर विद्युत्‌रोध कमी होत जाणारा मणी आहे. चेंबरच्या खाली दगड लागण्याची भीती असते; परंतु जीपला तेथे मुळातच लोखंडी ढाल आहे. ज्यांच्या गाडीस अशी ढाल नाही त्यांनी हा मार्ग धरण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

वाटेच्या हिशेबासाठी त्याने प्रोपेलर शाफ्टवर चुंबकाचे तुकडे पट्ट्याने आवळले आणि शेजारी एक सेन्सर ठेवला. चुंबक समोरून गेला की एक ठोका मोजला जातो. इंधनासाठी पेट्रोलच्या नळीत बारीक भिंगरी असलेला मापक घातला. नव्या मोटारींत इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून इंधन काढता येते. कार्बोरेटरला ते शक्य नाही, तेथे पेट्रोल प्रत्यक्षच मोजले पाहिजे. आणि डिझेल गाडी असती तर दोन मापक लागले असते, कारण तेथे न वापरलेले डिझेल दुसऱ्या नळीने टाकीत परत जाते. हे ध्यानात न घेता एकच मापक लावणारे लोक गाडीला उगाच खादाड ठरवतात.

सर्व जुळल्यावर त्याने मला शेजारी बसवले आणि भंडाऱ्याच्या रस्त्याने किलोमीटरचे ओळीने दहा दगड मोजले. डबीने १०.३ आकडा दाखवला. तो खट्टू झाला. मी त्यास टायरकडे पाहण्यास सांगितले. टायर झिजले की चाकाचा घेर लहान होतो, तेवढ्याच वाटेला फेरे अधिक पडतात, आणि यंत्राला वाटते आपण अधिक चाललो. त्रिज्येत सात मिलिमीटर झीज झाली तर या आकाराच्या चाकात दोन टक्क्यांचा फरक पडतो. उरलेला फरक टायरातील हवेचा आणि माझ्या वजनाचा, असे तो हसत म्हणाला. त्याने आकडा सुधारून घेतला. तेलाच्या सेन्सरचीही परीक्षा आम्ही केली: एका पातेल्यात पाणी उकळून त्यात बुडवला, शाळेतील प्रयोगशाळेत असे तसा उष्णतामापक शेजारी धरला, आणि दोन अंशांचे अंतर वहीत लिहून ठेवले.

ही परीक्षा कोणास अतिदक्षता वाटेल. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. बातमी देशभर पसरली, लोक हवालदिल झाले. मागाहून हवामान खात्याने सांगितले की सेन्सरात दोष होता. आकडा उजळ अक्षरांत दिसला की मनुष्य त्यापुढे मान तुकवतो, हा आपला नवा भाबडेपणा आहे. जुना भाबडेपणा दिव्यावर विश्वास ठेवण्याचा होता.

जुन्या मोटारींचे काही शौकीन या उद्योगावर नाक मुरडतात. त्यांच्या मते जुनी वस्तू जशी होती तशी ठेवावी. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. त्यांच्या नंबरात व्हीए अशी अक्षरे येतात, परंतु त्या रोजच्या वापरास काढता येत नाहीत. आमच्या विद्यार्थ्याला जीप बाजारहाटास आणि शेतावर न्यावयाची असते, म्हणून तो त्या वाटेस गेला नाही. तथापि त्याने डॅशबोर्डला एकही नवे भोक पाडलेले नाही. डबी खाली एका पट्टीवर बसवली आहे, मूळचा चेंबर-नट तेलाच्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवला आहे; एका दुपारी सारे काढून गाडी पूर्ववत करता येईल. माझे मत विचाराल तर अशा रीतीने केलेली भर मला आक्षेपार्ह वाटत नाही. इंजिन वाचले तरच जुनी गाडी जुनी राहील.

गेल्या मे महिन्यात आम्ही तिघे त्या जीपने भंडाऱ्यास गेलो: विद्यार्थी, मी, आणि आयुष्यभर ट्रक चालवलेले त्याचे मामा. निघताना तेल ३८ अंशांवर होते, म्हणजे सावलीतील हवेपेक्षाही कमी, कारण रात्रीचा गारवा अद्याप त्यात होता. आठ मिनिटांत पाण्याचा काटा जागेवर आला. तेल त्या वेळी कसेबसे ५५ वर होते. हे मला ठाऊक असूनही प्रत्यक्ष पाहताना नवल वाटले. इतकी वर्षे आपण पाणी तापले की इंजिन तापले असे समजून गाडी पिटाळीत आलो! पुढे ८४, मग ९६. पुलाजवळ वाहतूक तुंबली तेव्हा १०९. दाबाचा काटा किंचित खाली आला. मामा मागच्या बाजूस डोळे मिटून बसले होते, ते म्हणाले, "तेल पातळ झालं बावा, आवाज बदलला." विद्यार्थ्याने आकड्यांकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. आम्ही गाडी कडेला बाभळीच्या सावलीत घेऊन दहा मिनिटे उभी केली. पूर्वी त्याच रस्त्यावर एकदा थांबावयाचे राहून गेले होते, ते मला आठवले.

परतताना नदीकाठी पुन्हा थांबलो. डबीवर सारे ठीक होते: तेल ९८, सरासरी वेग ३६, लिटरला ८.१ किलोमीटर. मामा खाली उतरले आणि सवयीने चारही चाकांच्या तुंब्यांवर क्रमाने हात टेकवीत गेले. मागच्या डाव्या चाकाशी हात चटकन मागे आला. ब्रेक सुटत नव्हता, चाक घासत होते. त्या चाकावर कोणताच सेन्सर नव्हता. विद्यार्थ्याने पाना काढला, आणि आम्ही दोघे म्हातारे त्याला उजेड आडवणार नाही असे बाजूला जाऊन बसलो.